सकाळपर्यंत उतरेल

“झोपू दे त्याला. सकाळपर्यंत उतरेल.”

हे वाक्य बोलणारा मी होतो. वय १९. हॉस्टेलचा दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली, रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले. परीक्षा त्याच दुपारी संपली होती. मळक्या कपड्यांच्या बादलीतून वर काढलेल्या बाटल्या, पाच जण, आणि त्यांतल्या एकाने त्याआधी कधी थेंबही घेतला नव्हता. वर्षभर साठलेला अभ्यास एका रात्रीत उरकावा तसा तो पीत होता. आधी खूप बोलला. मग गायला. मग गाता गाता मध्येच थांबला, आणि आम्ही हसलो. दहा मिनिटांनी कुणीतरी त्याला उठवायला गेलं तर मान ठरेना. चिमटा काढला, चापट्या मारल्या, तोंडावर पाणी मारलं. मग मात्र खोलीतलं हसणं थांबलं.

रेक्टरसरांची खोली दोन जिने खाली होती. दार वाजवलं असतं तर ते उठले असते, त्यांच्याकडे फोन होता, आणि पुढचं सगळं त्यांनी पाहिलं असतं. हे आम्हा चौघांनाही कळत होतं. पण त्यांच्या दाराशेजारीच नोटीस बोर्ड होता आणि त्यावरचा एक कागद सगळ्यांना तोंडपाठ होता. वसतिगृहाच्या आवारात मद्यपान अथवा अमली पदार्थांचे सेवन करताना, अगर अशा ठिकाणी उपस्थित आढळल्यास विद्यार्थ्यास तत्काळ काढून टाकण्यात येईल. खाली सही, शिक्का.

‘उपस्थित’ या शब्दावर आमची चर्चा अडकली. एक जण म्हणाला, मी तर घेतलीच नाही, मला कशाला काढतील? दुसरा म्हणाला, बोर्डावर नीट वाच. त्याला स्वतःला घरी काय सांगायचं याची चिंता पडली होती. त्याचे काका त्याची फी भरत होते. अर्धा तास आम्ही हळू आवाजात बोलत होतो. आज आठवतं ते असं, की त्या अर्ध्या तासात जो कॉटवर पडला होता त्याच्याबद्दल फारसं कुणी बोललंच नाही. सगळं बोलणं आमच्याबद्दल. शेवटी मीच निकाल दिला. काही होत नाही रे, झोपू दे. सकाळपर्यंत उतरेल.

आमच्यातला सगळ्यांत अबोल मुलगा चर्चेत नव्हता. त्याने त्याला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, आणि नाकासमोर तळहात धरून बसून राहिला. काय करतोयस विचारलं तर म्हणाला, “मोजतोय.” पहाटे तीनच्या सुमारास त्याला उलटी झाली. कुशीवर होता म्हणून सगळं उशीवर गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला आणि आज वार कोणता ते विचारलं.

ही गोष्ट आम्ही पुढे किती वर्षं विनोद म्हणून सांगितली! माझं वाक्य मी त्याच हेलात म्हणून दाखवायचो आणि सगळे हसायचे. कुणाला कळू दिलं नाही, याचा अभिमानच होता. त्याला आम्ही दोस्ती म्हणत होतो.

---

दारू ‘चढते’ आणि ‘उतरते’. भाषेनेच आपल्याला फसवलंय असं मला हल्ली वाटतं. चढणं म्हणजे बडबड, धिंगाणा, गाणी. आणि माणूस आडवा झाला की उतरण सुरू, असा आपला हिशेब. पण माणूस बेशुद्ध पडतो तेव्हा दारू अजून चढतच असू शकते. शेवटचे दोन-तीन ग्लास घाईने पोटात गेलेले असतात, ते रक्तात पोचायला वेळ लागतो. शेवटच्या घोटानंतरही अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ, रक्तातलं प्रमाण वाढत राहतं. म्हणजे मित्र ज्या घटकेला ‘झोपलाय’ असं म्हणून दिवा मालवतात, त्यानंतर कदाचित सगळ्यांत अवघड घटका यायची असते.

आणि उतरणं? यकृताचा वेग ठरलेला. सुमारे तासाला एक माप. माप म्हणजे काय, हेही देशागणिक बदलतं: अमेरिकेत १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ऑस्ट्रेलियात १०, ब्रिटनमध्ये ८. अमेरिकी माप धरलं तर ५ टक्क्यांची साधारण ३५० मिली बियर, १२ टक्क्यांची १५० मिली वाइन आणि ४० टक्क्यांची ४५ मिली व्हिस्की, तिन्ही सारखेच. “मी फक्त बियरच घेतो” म्हणणाऱ्या मुलांना हे समीकरण फळ्यावर मांडून दाखवलं की ती जरा नाराज होतात. एका बैठकीत आठ मापं घेतलेल्याला रात्री एक वाजता झोपवलं, तर सकाळी सातलाही काही उरलेलीच असतात. कॉफीने यकृताला घाई होत नाही. गार पाण्याच्या अंघोळीनेही नाही. शरीर आधीच थंड पडत असेल तर ती अंघोळ घातकच. कॉफीने झोपाळू दारुडा जागा दारुडा होतो, इतकंच.

मेंदूच्या ज्या भागात श्वासाची आणि ठसका लागण्याची आपोआप चालणारी व्यवस्था असते, तिथवर दारू पोचली की दोन गोष्टी होतात. श्वास मंदावतो, आणि उलटी आली तर ती बाहेर टाकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया सुस्त पडते. उताणा झोपलेला माणूस मग स्वतःच्याच उलटीत गुदमरू शकतो. मिनिटाला ८ हून कमी श्वास, किंवा दोन श्वासांमध्ये १० सेकंदांहून मोठी फट, गार किंवा निळसर पडलेली कातडी, हाक मारूनही न उठणं, झटके येणं. यांतलं एकही दिसलं तर थांबायचं नसतं, बाकीची दिसायची वाट पाहायची नसते. त्या अबोल मुलाला यातलं किती माहीत होतं कोण जाणे. पण चौघांत हुशार म्हणून मिरवणारा मी होतो, आणि शहाणा तो निघाला.

---

पुढे मी मास्तर झालो आणि बावीस वर्षांनी रेक्टरही झालो. कॉलेज दुसरं, नियमावली मात्र अशी सारखी की कागद तिकडूनच उडत आला असावा. ‘उपस्थित’सकट.

रेक्टरचं काम म्हणजे नव्वद टक्के पाणी, दिवे, मेस आणि पंख्यांचे रेग्युलेटर. उरलेलं दहा टक्के रूम चेकिंग. त्यात मी तरबेज होतो, कारण लपवायच्या जागा मला आतून माहीत होत्या. फ्लशची टाकी, गिटारचं पोट, शाम्पूच्या मोठ्या बाटल्या, पंख्याच्या वरची वाटी. आमचे वॉचमनमामा तर गेटवर उभे राहून नुसत्या वासावर सांगायचे की कुणाच्या बॅगेत काय असेल. सापडलेल्या बाटल्या आम्ही मोरीत ओतायचो, रजिस्टरमध्ये नोंद करायचो, मुलाचं आय-कार्ड ठेवून घ्यायचो. या सगळ्यात एक खेळकरपणा होता, दोन्ही बाजूंनी. आपण कुठलंतरी जुनं नाटक वठवतोय असं वाटायचं.

जुनं होतंच ते. १३५५ सालच्या फेब्रुवारीच्या १० तारखेला ऑक्सफर्डमधल्या स्विंडलस्टॉक नावाच्या दारूच्या गुत्त्यात दोन विद्यार्थ्यांनी वाइन वाईट आहे अशी तक्रार केली. मालकाशी बाचाबाची झाली, वाइन त्याच्या तोंडावर गेली, आणि त्यातून गाव विरुद्ध विद्यापीठ अशी दंगल पेटली ती विझायला दिवस लागले. विद्यापीठाची ६३ माणसं मारली गेली असं सांगतात. त्यानंतर शहराच्या महापौराने दरवर्षी प्रत्येक मृतामागे एक पेनी, असे ६३ पेन्स विद्यापीठाला द्यायचे, अशी शिक्षा ठरली. ती थेट १८२५ पर्यंत चालली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८२६ च्या नाताळात, अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट सैनिकी अकादमीत दारूबंदी कडक केल्यावर कॅडेटांनी चोरून व्हिस्की आणली आणि अख्ख्या बराकीत धुमाकूळ घातला; कित्येकांवर कोर्ट मार्शल चाललं. मुलं, दारू आणि नियम यांचं त्रिकूट साडेसहाशे वर्षांचं तरी आहेच. त्यामुळे माझ्या कारकिर्दीत ते सुटेल अशी आशा मला नव्हती, आणि ती नसणंही मला सोयीचं होतं.

मग एका रात्री दीड वाजता माझ्या दारावर थाप पडली.

पहिल्या वर्षाचा मुलगा. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. म्हणाला, “सर, आमच्या रूममधला एक जण उठत नाहीये. आम्ही प्यायलो होतो.” एका दमात दोन्ही वाक्यं. मी अॅम्ब्युलन्स बोलावली, धावत वर गेलो. मुलगा वाचला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलासुद्धा, तोंड पाडून.

आठवड्याने शिस्तपालन समिती बसली. नियम स्पष्ट होता. प्यायलेल्यांना शिक्षा, उपस्थितांना शिक्षा. आणि हाक मारायला आलेल्या त्या मुलाविरुद्धचा पुरावा तर सगळ्यांत भक्कम: त्याचाच जबाब, तोही रेक्टरसमोर. बाकीच्या दोघांनी ‘मी नुकताच खोलीत आलो होतो’ वगैरे सांगून शिक्षा सौम्य करून घेतली. त्याला तसलं काही सुचलं नाही. एका सत्रासाठी हॉस्टेलमधून बाहेर, पालकांना बोलावणं, लेखी माफीनामा, आणि रेकॉर्डवर शेरा. मी सही केली. केबिनमध्ये बोलावून त्याला म्हणालोही, “तू आलास हे फार चांगलं केलंस. पण नियम तो नियम.” तो म्हणाला, “हो सर.” त्याचे वडील काही बोलले नाहीत. त्यांनी ट्रंकेची एक कडी धरली, त्याने दुसरी, आणि दोघे गेटबाहेर गेले.

त्यानंतरचं वर्ष फार शांत गेलं. रजिस्टर कोरं. वार्षिक अहवालात मी लिहिलं, वसतिगृहात मद्यपानाचा एकही गंभीर प्रकार घडला नाही. बैठकीत माझं कौतुक झालं. कोरं रजिस्टर म्हणजे रिकामं हॉस्टेल किंवा घाबरलेलं हॉस्टेल, आणि आमचं तर भरलेलं होतं. एवढं साधं गणित मला तेव्हा मांडता आलं नाही. किंवा मांडायचं नव्हतं.

---

सकाळी सव्वासहाला मामांचा फोन आला. तिसरा मजला. मी पोचलो तेव्हा मुलाचे ओठ जांभळे दिसत होते आणि श्वास इतक्या वेळाने येत होता की प्रत्येक श्वास शेवटचा वाटावा. खोलीत तिघे होते, तिघांचे डोळे सुजलेले. रात्रभर जागेच होते.

हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या. काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता बेशुद्ध पडला? तिघांनी तीन वेळा सांगितल्या. काय घेतलं याचं उत्तर मात्र एकसुरात आलं, “फक्त बियर.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या मुलांकडे. मग अगदी सौम्यपणे मला म्हणाल्या, “सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?”

मी बाहेर थांबलो. काचेच्या दाराआड दोन मिनिटं गेली असतील. एका मुलाने पँटच्या खिशातून गोळ्यांची चुरगळलेली स्ट्रिप काढून त्यांच्या हातात दिली. झोपेच्या गोळ्या होत्या. दारू श्वास मंद करते, त्या गोळ्याही करतात, आणि दोन्ही एकत्र आल्या की परिणाम बेरजेच्या पुढे जाऊ शकतो. त्या स्ट्रिपवरून पुढचे उपचार ठरले. ती खिशात रात्रभर होती. माझ्यासमोर ती निघाली नसती. मी खोलीतून गेलो म्हणून निघाली.

शिस्त नावाची जी गोष्ट मी इतकी वर्षं सांभाळली, ती त्या दाराबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती असं म्हणालो तर अलंकारिक वाटेल. पण त्या बाकावर मला खरोखरच कुठे बघावं ते कळत नव्हतं.

तो वाचला. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होता, वर्ष बुडालं. नंतर त्याच्या रूममेटला मी विचारलं, माझ्याकडे का आला नाहीत? माझं दार रात्री कधीच बंद नसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तो जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “सर, आम्हाला त्या मुलाचं माहीत होतं.” कुठला मुलगा, हे मला विचारावं लागलं नाही. मग खाली बघत म्हणाला, “आम्हाला वाटलं, सकाळपर्यंत उतरेल.”

---

नियमावली नव्याने लिहायची असं ठरलं तेव्हा ते काम मी मागून घेतलं. इतरांनी काय केलंय ते वाचायला लागलो. अमेरिकेत या विषयावर कागद फार, कारण १९८९ च्या एका कायद्यान्वये केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजाला दारू आणि अमली पदार्थांविषयीचं धोरण दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याच्या आणि कर्मचाऱ्याच्या हाती लेखी द्यावं लागतं. नियम काय, कायद्यातली शिक्षा काय, शरीरावर परिणाम काय, मदत कुठे मिळेल, कॉलेज काय कारवाई करेल, हे सगळं त्यात हवं. शिवाय दर दोन वर्षांनी हे चालतंय का याची तपासणी. ही तपासणीची कल्पना मला आवडली. आमच्या बोर्डावरचा कागद चालतोय का, असा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. तो चिकटलेला आहे, एवढं आम्हाला पुरत होतं.

पण मला हवं ते सापडलं कॉर्नेल विद्यापीठाच्या अनुभवात. त्यांनी २००२ मध्ये एक गोष्ट केली: दारूच्या विषबाधेसाठी जो मदत बोलावेल त्याच्यावर, आणि ज्याच्यासाठी बोलावली त्याच्यावर, पिण्याबद्दलची शिस्तभंगाची कारवाई नाही. त्यांनी नुसता नियम बदलला नाही, परिणामही मोजले. मदतीचे फोन वाढले. ‘अडचणीत येऊ’ या भीतीने फोन केला नाही, असं सांगणारे कमी झाले. आणि ज्यांना मदत मिळाली, त्यांतले नंतर समुपदेशनासाठी येणारे दुपटीहून जास्त झाले. तिथे अशी प्रकरणं नोंदवहीत वाढलेली दिसणं ही चांगली बातमी होती. माझ्या कोऱ्या रजिस्टरची मला आठवण झाली. पुढे २००७ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने ओव्हरडोसच्या वेळी मदत बोलावणाऱ्याला संरक्षण देणारा कायदाच केला. अमेरिकेतला तसला तो पहिला.

आमच्या समितीत ज्येष्ठ सहकाऱ्यांचा पहिला प्रश्न अपेक्षित तोच. “म्हणजे प्या आणि फोन करा, असंच ना?” या प्रश्नाला टाळ्या घेणारं उत्तर नाही. मी म्हणालो, फोन करता यावा म्हणून कुणी बेशुद्ध होईपर्यंत पीत नाही. ते म्हणाले, पण शिक्षा नाही म्हटल्यावर धाक काय राहिला? त्यांचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. धाकाने काही मुलं पिण्यापासून थांबत असतील. पण ज्या क्षणी बाटली उघडली गेली आणि एक जण जमिनीवर पडला, त्यानंतर त्याच धाकाचं काम उलटं होतं. पिणाऱ्याला थांबवण्यासाठी लिहिलेला नियम वाचवणाऱ्याला थांबवतो. पिणारा तोवर शुद्धीतही नसतो. नियम ऐकणारं खोलीत कुणी उरलेलं असेल तर ते बाकीचे.

मी वाचत होतो तेव्हा ॲमेथिस्ट इनिशिएटिव्हचं प्रकरणही हाती लागलं. १९८४ च्या कायद्यानंतर अमेरिकेत पिण्याचं किमान वय सगळीकडे २१ झालं. २००८ मध्ये मिडलबरी कॉलेजचे माजी अध्यक्ष जॉन मॅकार्डेल यांच्या पुढाकाराने शंभरहून अधिक कॉलेजांच्या प्रमुखांनी जाहीर निवेदनावर सह्या केल्या, की २१ ची ही मर्यादा नीट चालत नाही, तिच्यामुळे पिणं लपून आणि घाईघाईने होतं, यावर पुन्हा चर्चा व्हावी. विरोधही तितकाच झाला. वयोमर्यादेमुळे रस्त्यांवरचे मृत्यू कमी झाले, हे विरोधकांचं म्हणणं पोकळ नव्हतं. वय २१ च राहिलं. या वादात माझं मत अजून पक्कं नाही, त्यामुळे तो इथेच सोडतो. पण नाव मात्र लक्षात राहिलं. अमेथिस्टॉस म्हणजे ग्रीकमध्ये ‘न झिंगलेला’. ॲमेथिस्ट हा जांभळा खडा; तो जवळ असला की दारू चढत नाही असा प्राचीन समज. त्यातलं ‘मेथु’ म्हणजे मद्य, आणि ते आपल्या ‘मधु’चं सख्खं भावंड. मधापासून बेशुद्धीपर्यंतचा रस्ता एका धातूतच होता म्हणायचा.

आणखी एक संशोधन मला पोस्टर लिहिताना उपयोगी पडलं. १९८६ मध्ये पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघांनी दाखवलं, की आपले सोबती किती पितात याचा विद्यार्थ्यांचा अंदाज वास्तवापेक्षा बराच वरचा असतो. ‘सगळेच घेतात’ हे त्या वयाचं सर्वांत मोठं गैरसमजाचं वाक्य. न पिणारा मुलगा शुक्रवारी रात्री खोलीत वाचत बसतो, तो कुणाला दिसत नाही. ओरडत जिना चढणारे तिघे सगळ्या मजल्याला ऐकू जातात. मीही इतकी वर्षं ओरडणाऱ्यांनाच मोजत आलो होतो. कवटी आणि सापांची जुनी पोस्टरं मी काढायला लावली. ती लावल्यापासून कुणी दारू सोडल्याचं मामांनाही आठवत नव्हतं.

---

नवं कलम लिहायला चार बैठका लागल्या. ‘उपस्थित’ हा शब्द खोडायला मी पहिल्या बैठकीतच लाल पेन घेऊन गेलो होतो, आणि तो पूर्ण खोडला गेला नाही. विकणारा उपस्थित असेल तर? नव्या मुलांना जबरदस्तीने पाजणारे उपस्थित असतील तर? हे बरोबरच होतं. माफी पिण्याला आणि मदत मागण्याला होती. विकण्याला, पाजण्याला, मारहाणीला नव्हती. दुसरं, कॉलेजची माफी म्हणजे कायद्याची माफी नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगणं भाग होतं. पोलिसांच्या वतीने वचन द्यायचा अधिकार रेक्टरला नसतो. अमली पदार्थांच्या बाबतीत तर ही रेघ फारच जाड असते. म्हणून तिथे आम्ही एक क्रम ठरवला. ‘काय घेतलं’ हा प्रश्न त्याच रात्री, आणि तो डॉक्टर किंवा नर्स विचारणार. ‘कुठून आणलं’ हा प्रश्न नंतर, आणि तो दुसरं कुणीतरी विचारणार. एकाच माणसाने दोन्ही विचारले की पहिल्याचं उत्तर खोटं मिळतं; मी काचेबाहेरून पाहिलं होतं.

नालोक्सोनबद्दल वाचलं तेव्हा हेवा वाटला. अफूवर्गीय पदार्थांच्या ओव्हरडोसमध्ये हे औषध थांबत चाललेला श्वास काही मिनिटांत परत आणू शकतं. कित्येक ठिकाणी कॅम्पसवर त्याचा नाकात मारायचा फवारा अग्निशामकासारखा भिंतीवर ठेवलेला असतो. त्याचा असर अर्ध्या-दीड तासात ओसरू शकतो, म्हणून अॅम्ब्युलन्स तरीही लागतेच. दारूवर मात्र असा उतारा नाही. तिथे कुशीवर वळवणं, जवळ बसणं आणि फोन, एवढंच.

परीक्षेच्या काळात जागरणासाठी दुसऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनवरच्या उत्तेजक गोळ्या घेणारी मुलं स्वतःला ‘नशा करणारी’ समजतच नाहीत. नियमावलीतल्या ‘अमली पदार्थ’ या शब्दात ती स्वतःला शोधणार नाहीत. त्यांच्यासाठी साध्या भाषेत एक ओळ घातली: मित्राचं औषध हे तुमचं औषध नाही.

पहिल्याच वर्षी एकाने गैरफायदा घेतला, हेही सांगायला हवं. मामा दारात उभे असताना याने घाईने मला फोन लावला आणि ‘मदत मागितली’. खोलीत बेशुद्ध कुणी नव्हतं, सगळे टल्ली पण ताठ होते. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बोलायची गरज उरली नाही. आम्ही कलमात दोन शब्द वाढवले, ‘पकडले जाण्याआधी’. नियम असेच अंगावर ठिगळं घेत मोठे होतात.

ज्या मुलाला मी सत्रभर बाहेर काढलं होतं, त्याच्या रेकॉर्डवरचा शेरा काढून घ्यावा असं पत्र मी समितीला लिहिलं. शेरा निघाला. त्याची प्रत त्याच्या पत्त्यावर पाठवली, सोबत चार ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या. उत्तर आलं नाही. का यावं?

त्या वर्षीच्या शेवटच्या पेपरच्या रात्री एक वाजून पन्नास मिनिटांनी माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, दबका आवाज, मागे कुणीतरी पाणी आण, पाणी आण म्हणतंय.

“सर, नाव सांगावं लागेल का?”

“नको. श्वास घेतोय का?”

“घेतोय बहुतेक.”

“उताणा आहे का? कुशीवर वळव. पाणी पाजू नका. त्याच्याजवळ बस, दुसऱ्या कुणाला तरी खाली जिन्यापाशी पाठव, मी आलोच. आणि फोन चालू ठेव, मला त्याचे श्वास मोजून दाखव.”

“मोठ्याने?”

“मोठ्याने.”

मी दुसऱ्या फोनवरून अॅम्ब्युलन्सचा नंबर लावला, चपला शोधल्या, एकच सापडली. कानाशी त्या मुलाचा आवाज होता. एक. मग बराच वेळ काही नाही. दोन. जिन्यावरचा दिवा कुणीतरी लावला. तीन, सर.